फळ्या बसल्या

—चपला काढू नकोस, राहू दे. ओट्यावर कालचाच चिखल आहे, त्यात तुझा थोडा. आणि आंटी म्हणू नकोस मला. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळे आंटी म्हणतात, वॉचमनसुद्धा, लांबून ओरडतो — आंटी, पानी आयेगा क्या? — जशी काय मी टँकरवाली. मावशी म्हण, नाहीतर सरळ पॉलिनबाई म्हण. तू कौस्तुभ ना, सी विंग, तळमजला? बघ, मला सगळं माहीत असतं. फेलिशिया तुमच्या गेटवर भाजी घेऊन बसते, ती माझी जाऊ, तिच्या टोपलीत भाजी कमी आणि बातम्या जास्त. तुझ्या बायकोला मुलगी झाली हेही तिनेच सांगितलं. उन्नती ना नाव बायकोचं? बरी आहे? दूध येतंय ना? — लाजतोस काय, घरात बाळ आहे तर विचारणारच. बस. त्या बाकावर नको, त्याचा पाय कुजलाय, इकडे खुर्चीवर बस. कुजणारच, मिठाचं पाणी येऊन गेलं ना ओट्यापर्यंत — म्हणजे पायरीपर्यंत. खालच्या पायरीपर्यंत, वर नाही. — मी मोठ्याने बोलतेय का? तुझ्यासाठी नाही. आत वॉल्टर आहे, माझा नवरा. ह्या खिडकीखालीच खाट आहे त्याची. अर्धं अंग गेलंय, पण कान शाबूत आहेत. ओट्यावर काय बोलणं चाललंय ते सगळं त्याला लागतं, नाही ऐकू आलं तर हाक मारतो. डॉक्टरने खाट उंच करायला सांगितली, तेव्हापासून पडल्या पडल्या त्याला तेवढं आभाळ दिसतं, बरं झालं.

काय विचारत होतास? आज पाणी येईल का. हे बघ, तू साताऱ्याकडचा — फेलिशियाने सांगितलं, दुसरं कोण — तुमच्याकडे पाणी येईल का असं विचारतात, कारण तिकडे ते येतच नाही. इकडे तसं विचारायचं नसतं. इकडे पाणी रोज येतं, दोनदा येतं आणि दोनदा जातं. विचारायचं ते हे, की कुठवर येईल आणि जाईल कधी. आज अमावास्या. उधाणाची भरती. दुपारी जेवणाच्या सुमाराला टोकाला जाईल, आणि वर हा पाऊस, पहाटेपासून चालू होता, आता जरा दम खातोय. पण तू घाबरू नकोस. उघाडी आहे. फळ्या आहेत. फळ्या टाकायला मी आहे. — हो रे वॉल्टर, ह्याला तेच सांगतेय, फळ्या आहेत म्हणून! — बघ, ऐकतोय.

उघाडी माहीत नाही? कमाल आहे तुझी. रोज तिच्या जिवावर झोपतोस आणि नाव माहीत नाही. अरे, गावाला खाडीच्या बाजूने मातीचा बांध आहे ना, तुम्ही लोक सकाळी कानात वायरी घालून ज्याच्यावर चालता, जॉगिंग ट्रॅक म्हणता — तो जॉगिंग ट्रॅक नाही, तो बांध आहे. आमच्या आजा-पणजांनी घातलेला. बांधाच्या आत भातशेती, बाहेर तिवरं, तुम्ही मॅन्ग्रोव्ह म्हणता ती, तिवरांच्या पलीकडे खाडी. आणि बांधाला एकच तोंड, ती उघाडी. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत सागाच्या फळ्या एकावर एक सोडायच्या. भरती आली की फळ्या टाकायच्या, खाडी बाहेर. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, आतलं पावसाचं पाणी बाहेर. संपलं. मध्ये सरकारी खात्याने लोखंडी दरवाजा बसवला होता, चाक फिरवायचा. उद्घाटनाला मांडव, नारळ, भाषणं. दोन पावसाळ्यांत ते चाक असं धरलं की वॉल्टर आणि हरेश्वर — तो पलीकडचा शेतकरी — दोघं पहार लावून लावून थकले. वॉल्टरने साहेबाला विचारलं, साहेब, हा दरवाजा खाऱ्या पाण्यासाठी होता की फोटोसाठी? साहेब म्हणाले, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला इंजिनिअरिंग कळणार नाही. वॉल्टर म्हणाला, इंजिनिअरिंग नाही कळत, गंज कळतो. — ऐक, आत हसतोय. कितीदा सांगितली तरी ह्या गोष्टीला हसतो.

तेव्हापासून परत फळ्या. आधी तो टाकायचा, तो पडल्यापासून मी. मी काय खाडीत वाढलेली नाही हं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, सगळी नोकरी हॅलो म्हणण्यात गेली. तिथे आम्हाला शिकवायचे — केबल जळालेली असो, लाइन तुटलेली असो, समोरचा आईवरून शिव्या देत असो, आवाज गोड ठेवायचा. 'आपकी शिकायत दर्ज कर ली गई है.' — अजून येतो बघ, एक्स्चेंजचा आवाज. वॉल्टर म्हणतो, मी त्या आवाजाशी लग्न केलं, घरी आल्यावर कळलं खरा आवाज वेगळाच आहे.

तुझं म्हणणं, उघाडी आहे तर तुमच्याकडे पाणी का भरतं? प्रश्न चांगला आहे, फ्लॅट घ्यायच्या आधी विचारायचा. 'क्रीक व्ह्यू' म्हणून जास्त पैसे मोजलेस ना? मग आता खाडी तुला बघायला आली तर कुरकुर कसली? — बरं, बरं, रागावू नकोस. कळतं मला. मुंबईत परवडलं नाही, इथे परवडलं, तेही तळमजल्यावरचं. तुझी काय चूक. पण तुमच्या बिल्डिंगा जिथे आहेत ना, ते पाणथळ होतं. पाऊस तिथे थांबायचा, ओहोटीची वाट बघत. आता त्याला थांबायला जागा नाही, मग तो तुझ्या हॉलमध्ये थांबतो. आणि ओहोटी म्हणशील तर ती पूर्वीसारखी लागतच नाही. पूर्वी खाडी अशी उतरायची की तळाचा चिखल उघडा पडायचा, निवटे, ते चिखलातले मासे, उड्या मारत पळताना दिसायचे, फळ्या काढल्या की आतलं पाणी शाळा सुटल्यासारखं धावत सुटायचं. आता बाहेरचं पाणी उतरतं न उतरतं तोच परत चढायला लागतं. समुद्र तापलाय म्हणतात, फुगलाय म्हणतात. टीव्हीवर बर्फातलं अस्वल दाखवतात. अस्वल कशाला दाखवता, आमची पायरी दाखवा की. आमची विहीर दाखवा. इतकं मचूळ झालंय पाणी, चहा टाकला तर दूध फाटतं, म्हणून तर तुला चहा विचारला नाही. केळं खा. वाडीतलं नाही, फेलिशियाने दिलंय. आमच्या केळी जळल्या. सोनटक्काही गेला — नाही रे वॉल्टर, आहे, आहे सोनटक्का! विहिरीपाशी आहे थोडा! उद्या आणते उशाशी! — ...हं.

चल. वेळ झाली. येतोस बरोबर? मग ती पहार घे, तेवढाच माझा हात हलका. फोन घेतला का मी? घेतला. त्याच्या फोनवर एकच आकडा दाबला की मला लागतो, डाव्या हाताने दाबतो. भरती टोकाला आली की करतो, घड्याळ न बघता, पडल्या पडल्या. — येते रे! दार ओढून घेतलंय! हा मुलगा येतोय बरोबर, हो, कॉम्प्लेक्समधला, काळजी करू नकोस!

इकडून ये, कडेकडेने. — हां, आता हळू बोललं तरी चालेल. हे हरेश्वरचं शेत. सवयीने शेत म्हणायचं. खाऱ्यात तगणारा लाल भात पिकवायचे इथे, पेज अशी गोड व्हायची. आता बघ काय उगवलंय. तिवरं. गुडघ्याएवढी, कंबरेएवढी. लावली कुणी? कुणी नाही. ज्या दिवशी भरतीचं पाणी बांध ओलांडून आत आलं त्या दिवशी बिया आल्या तरंगत, चिखल दिसला तिथे बसल्या. हरेश्वर विळा घेऊन आला तर लोक म्हणाले, कापशील तर आत जाशील, तिवर तोडणं गुन्हा आहे. बरोबरच आहे, आम्हीच तर ओरडत होतो इतकी वर्षं, तिवरं वाचवा, बिल्डर डेब्रिज टाकून मारतायत, वॉल्टर तर ट्रकसमोर आडवा उभा राहिला होता एकदा. मग हरेश्वर ऑफिसात गेला, म्हणाला, साहेब, माझ्या शेतात जंगल आलंय, मी काय करू? साहेब म्हणाले, अभिनंदन. — थट्टा नाही करत, अभिनंदन म्हणाले, चहा पाजला. तो येऊन मला म्हणतो, 'पॉलिनबाय, भात गेला, पानी इचारून येत नाय, आता ह्या झारांना मी काय बोलू? तीपन तिकरून पलूनच आलीत ना.'

पळूनच आलीत. तुला कळतंय का मी काय सांगतेय? तुम्ही नाही का पाणी आलं की टीव्ही वर उचलता, गाद्या वर उचलता, तशी झाडंपण सामान उचलून वर निघालीत. खाली बुडायला लागलं, तर बियांना पुढे धाडतात, मग त्यांच्या बिया आणखी पुढे. आणि पोचली कुठवर? ती बघ, तुमची कंपाउंड वॉल. मागे खाडी, पुढे भिंत. एक पोर गटाराच्या भोकातून आत शिरलं होतं म्हणे, तुमच्या बागेत झोपाळ्यापाशी उगवलं. माळ्याने उपटलं, गवत समजून. बरं, माळ्याला काय बोलणार.

सांभाळ, शेवाळ आहे. ही उघाडी. हा क्रूस बांधाचा, आज पाणी त्याच्या चौथऱ्याला लागलंय बघ, अजून भरतीचं टोक यायचंय. आता बाहेर बघ. काय दिसतं? — झाडं, हो. पानं आहेत का त्यांना? — नीट बघ, सावकाश बघ. एकाला तरी? पाण्यात उभी राहून वाळलीत. तुम्हाला बाल्कनीतून कळत नाही, तुम्हाला वाटतं जंगल आहे, पक्षी बसतात, संध्याकाळी फोटो चांगले येतात. अरे, तिवराला नाकं असतात. चिखलातून त्या सुया वर आलेल्या असतात ना, त्या. भरतीला बुडतात, ओहोटीला उघड्या पडतात, तेव्हा झाड श्वास घेतं. खाडी उतरलीच नाही तर ते कधी घेणार? आणि ह्या इथे तर बांधाच्या पायथ्याशी सगळा खड्डाच आहे, लांबचा लांब, ह्यातलं पाणी तर हलतच नाही.

खड्डा कसला ते सांगते. ईस्टर झाला की आमच्याकडे बांधाचा रविवार असायचा. मिस्सा संपली की फादर इथे यायचे, बांधावर पवित्र पाणी शिंपडायचे, मग प्रत्येक घरातला एकेक माणूस चिखलात. बाहेरच्या पायथ्याचा, तिवरांतला चिखल कापायचा, तो चिकट असतो, लोण्यासारखा कापला जातो, आणि घमेल्यांची रांग, हातातून हातात, टवाळक्या करत, गाणी म्हणत — तो चिखल बांधाला लिंपायचा. दुपारी इथेच तळलेले फुगे, आमच्या पुऱ्याच म्हण, आणि मटण. हरेश्वरकडचे यायचे, चुलीवरची भाकरी घेऊन. आणि चिखल काढलेला खड्डा? तो पुढच्या पावसाळ्यात खाडीच भरून द्यायची. नवा गाळ, नव्या बिया, जसंच्या तसं. बापजाद्यांपासून तसंच, कुणी त्याचा विचारही केला नाही. मग कधीतरी तो खड्डा भरायचा थांबला. कधी, ते कुणाला कळलं नाही. भरती वाढली म्हणून बांध उंच करायचा. बांध उंच करायला चिखल जास्त. जास्त चिखल काढला तर खड्डा खोल. खड्ड्यात पाणी साचलं, तिवरं मेली. तिवरं मेली तर लाट थेट बांधावर. मग करा बांध आणखी उंच! आणि सगळ्यांच्या पुढे वॉल्टर. सगळे सणाला यायचे, हा पुढच्या रविवारीही यायचा, त्याच्या पुढच्याही, एकटा. पेपरवाले आले, 'खाडीचा राखणदार' म्हणून फोटो छापला — ह्या इथे, खड्ड्यात कंबरेएवढा उभा, हातात घमेलं, हसतोय. खाटेसमोर लावलाय तो फोटो. — नाही. चूक म्हणू नकोस. चूक म्हणालास तर ही पहार माझ्या हातात दे. ज्या कामावर बाप तगला, आजा तगला, तेच काम त्याने केलं, त्यांच्यापेक्षा निगुतीने केलं. समुद्राने कायदा बदलला, नोटीस न देता. आणि ज्यांना नोटीस होती, ज्यांच्या भिंतीवर नकाशे आहेत, ज्यांना वरून उपग्रहातून दिसतं, त्यांनी काय केलं? पर्यावरण दिनाला बॅनर घेऊन आले, ह्याच खड्ड्यात रोपं लावली, पायाला चिखल लागू नये म्हणून खाली प्लायवूड टाकून. रोपं गणपतीपर्यंतही टिकली नाहीत. एकाचा टी-शर्ट छान होता पण, हिरवा, त्यावर कासव होतं. इथे कासव कुठून आणलं देव जाणे.

चल, फळ्या टाकू. ते टोक धर. खाचेत नीट धर, तिरपी जाते. — आता सोड! — आवाज आला? धप्प. ही बसली. नुसती पडली तर वेगळा आवाज येतो, बसली तर असा पोटातून येतो. दुसरी घे. — सोड. — हां. पुढची. वॉल्टरसुद्धा इतक्या लवकर शिकला नव्हता. — आणि ही शेवटची. झालं. खाडी बाहेर, आपण आत. बघ, कसा चेहरा खुलला तुझा, मघाशी ओट्यावर आलास तेव्हा परीक्षेला बसल्यासारखा आला होतास. — काय करतोस? व्हिडिओ? कशाला? — ग्रुपवर. कुठल्या? सोसायटीच्या. बरं. — काय लिहितोस? वाचून दाखव. — 'पॉलिन आंटींनी फळ्या बसवल्या आहेत. टेन्शन नको. सामान हलवायची गरज नाही.' — नको. थांब. पाठवू नकोस. — पाठवलंस? — किती जणांनी — अंगठे यायला लागले? इतक्यात?

इकडे ये. खांबाच्या ह्या बाजूला ये. फळ्यांकडे बघू नकोस, फळ्या पक्क्या आहेत. खांबाचा खांदा बघ, जिथे बांध त्याला मिळतो तिथे. पाय ठेव. — हळू! — गेला ना, गुडघ्यापर्यंत? मला धर. पोकळ आहे सगळं. तिवरांची मुळं होती आत, दोरखंडासारखी, त्यांनी धरला होता हा बांध. झाड मेलं, मूळ कुजलं, मुळाच्या जागी बीळ, बिळात खेकडे, खेकड्यांच्या मागून पाणी. फळ्यांना ते हातसुद्धा लावत नाही, बाजूने फिरून आत येतं. ऐक जरा. — पाणी आत शिरतंय, तोच आवाज. मी दगड टाकले, मग रेतीच्या गोण्या टाकल्या, हरेश्वरने सिमेंट आणून ओतलं, सगळं गिळलं त्याने. एका ऑफिसात गेले, ते म्हणाले बांध आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतो ते म्हणाले, बाई, बांधाला लागून तिवरं आहेत, परवानगीशिवाय तिथे फावडं मारता येणार नाही. मी म्हटलं, साहेब, ती मेलीत. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, बघितलं आणि म्हणाले, नकाशात जिवंत आहेत. भांडले. तुला काय वाटतं, भांडले नसेन? टेबलावर हात आपटले, तिथली पाण्याची बाटली सांडली. शिपायाने पुसलं आणि म्हणाला, मावशी, घरी जा, ऊन वाढतंय. आले घरी. काय करणार होते?

मग येतेस कशाला, म्हणतोस. प्रत्येक भरतीला, पहार घेऊन. अरे, तो विचारतो म्हणून. त्या खाटेवर पडून त्याला दुसरं काम नाही, भरती मोजतो आणि फोन करून विचारतो, फळ्या बसल्या? त्याला काय सांगू — तू लिंपून लिंपून उंच केलेला बांध तुझ्याच खड्ड्यात उतरतोय म्हणून? मी नाही सांगणार. तू सांग, तुझी छाती असेल तर. गावात सगळ्यांना माहीत आहे. हरेश्वरला, फेलिशियाला, फादरनासुद्धा. येतात त्याला भेटायला, खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, काय वॉल्टर, फळ्या बसल्या ना? तो म्हणतो, बसल्या. फादर त्या फोटोपुढे उभे राहून आशीर्वाद देतात. एवढं सगळं गाव सांभाळून घेतं. फक्त तुम्ही — तुम्ही गावातले नाही ना, तुम्हाला सांगायचं कुणी, ते ठरलंच नाही. बाल्कनीतून मला येता-जाता बघायला लागलात, हात करायला लागलात, थँक्यू आंटी. पहिल्यांदा मी हात केला. दुसऱ्यांदाही केला. मग तो करावाच लागतो. मला वाटायचं, शिकलेली माणसं आहेत, कधीतरी कुणी खाली बघेल. कुणी विचारलं असतं तर सांगितलंच असतं. आज तू विचारायला आलास आणि तुलाही मी तेच सांगितलं, फळ्या आहेत. खिडकी उघडी होती.

— आमचं? आमचं काय विचारतोस. त्याच्या खाटेखाली विटा लावल्यात. डॉक्टर कुठले सांगतायत, मीच लावल्या, मी आणि फेलिशियाने, तो झोपेत असताना. दर उधाणाला एक थर वाढवते. पाणी दारातून आत आलं की सांगते, पावसाचं आहे. त्याला खाली बघता येत नाही, त्याला फक्त आभाळ दिसतं. आणखी दोन थर लावले तर खिडकीतून खाडी दिसायला लागेल, मग काय करू ते मला —

— बघ, आलं. उतार तुमच्याच भिंतीकडे आहे. तू —

थांब. फोन. बोलू नकोस, हलूपण नकोस त्या पाण्यात.

— हॅलो? हां, वॉल्टर. — हो. — हो रे, बसल्या. सगळ्या. — धप्प, हो, शेवटचीसुद्धा. — नाही, थेंब नाही. कोरडं आहे अगदी, कालपेक्षा बरं आहे. — तो मुलगा? चांगला आहे, मदत केली त्याने. हो, सांगितलं त्याला, निवांत झोपा म्हणून. — सोनटक्का? बघते ना येताना विहिरीपाशी. — हां. ठेव आता.

...

असा बघू नकोस माझ्याकडे. लिही. आत्ता लिही तुझ्या ग्रुपवर, मघाचं खोटं आहे म्हणून लिही, पॉलिनबाई खोटं बोलली म्हणून लिही, माझं नाव घालून. उन्नतीला आणि बाळाला आधी वर ने, कुणाच्याही घरी, बेल वाजव आणि घुस. मग सिलिंडर. बी विंगला ती एकटी म्हातारी राहते, तिला ऐकू येत नाही, तिचं दार हाताने वाजव. पहार टाक इथेच. जा. — आणि कौस्तुभ, आमच्या ओट्यासमोरून जाऊ नकोस. मागून जा, हरेश्वरच्या शेतातून, तिवरांतून. चिखल आहे, असू दे. खिडकीखालून ओरडत जाऊ नकोस.